पोतोसीचं चांदीचं काळीज

१

डॉन एवारिस्तो इपोरे अकरा वर्षं मला नाहीच म्हणत आला. मग सान बार्तोलोमेच्या जत्रेच्या शनिवारी दुपारी त्याने ते काळजाच्या आकाराचं नाणं आपणहून माझ्या तळहातावर ठेवलं. रविवारी सकाळी त्याची मोलकरीण दोन्या सांतुसा पाव घेऊन आली, तेव्हा तो त्याच खुर्चीत बसलेला होता आणि त्याचं डोकं मागून फुटलेलं होतं.

तिची किंकाळी मला माझ्या दुकानात ऐकू आली. मी घड्याळं दुरुस्त करतो. माझं दुकान आणि त्याचं दार समोरासमोर. मधली गल्ली इतकी अरुंद की दोन गाढवं एकमेकांना घासून जातात. मी तसाच धावलो.

त्याचा कोट खांद्यापासून पाठीपर्यंत रक्ताने कडक झाला होता. तो खाणींची मोजणी करणारा माणूस, निवृत्त झाला तरी दगड फोडायची हातोडी मेजावर ठेवायचा, कागद उडू नयेत म्हणून. ती हातोडी जमिनीवर पडली होती आणि तिच्या टोकाला त्याचे पांढरे केस चिकटले होते. एकच घाव नव्हता. मी तीन मोजले, मग मोजणं सोडलं.

भिंतीतलं लोखंडी कपाट सुरुंगाने उडवलं होतं. दार एका बिजागरीवर लोंबत होतं, छताचा गिलावा खाली आला होता, आणि दोन जुनी रेआल नाणी समोरच्या भिंतीत खिळे ठोकावेत तशी रुतून बसली होती. गादी फाडलेली. पुस्तकांच्या पाठी उसवलेल्या.

सार्जंट बेहार आला, कपाटाकडे एक नजर टाकली आणि म्हणाला, "सुरुंग. म्हणजे खाणवाला. याचा भाचा खाणीत आहे ना?"

रुफो भाचा होता आणि खाणीत होता. महिन्यापूर्वी याच दारात उभं राहून तो मामावर ओरडला होता, "ते काळीज माझ्या आजीचं आहे! एक दिवस तुझं डोकं फोडून घेऊन जाईन!" सगळ्या गल्लीने ऐकलं होतं. तासाभरात त्याला जत्रेच्या दारूच्या गुंगीतून उचलून अंगणात आणलं.

अंगणात पाण्याची दगडी टाकी आहे. बेहारने त्याला तिच्या कठड्यावर आडवा पाडला आणि दोन शिपायांनी बंदुकीचे दस्ते चालवले.

"काळीज कुठंय?"

"मला काय ठाऊक? मामाला काय झालंय? मला मामाला बघू द्या!"

"काळीज कुठंय, भडव्या?"

बरगडी मोडल्याचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. सुकी काटकी गुडघ्यावर मोडावी तसा. रुफो ओरडला नाही, त्याने श्वास घ्यायला तोंड उघडलं आणि श्वास आतच गेला नाही. मी दहा पावलांवर उभा होतो. शेजारी उभे होते, सांतुसा शालीच्या पदरात तोंड खुपसून रडत होती, आणि बेहार परत परत तोच एक प्रश्न विचारत होता.

काळीज तेव्हा माझ्या बंडीच्या आतल्या खिशात होतं.

२

ते कसं आलं ते सांगतो.

शनिवारी सगळं गाव जत्रेत होतं. बँड वाजत होते, आणि खाणवाले हौसेने सुरुंगाच्या कांड्या उडवत होते. दर थोड्या वेळाने माझ्या दुकानातली सगळी तावदानं थरथरत. एवढ्यात एवारिस्तोने खिडकीतून हाक मारली.

"मेलितोन! इकडे ये. आणि तुझी ती लिमाची तीन नाणी घेऊन ये."

ती तीन नाणी म्हणजे माझ्या संग्रहातलं सगळ्यात चांगलं. मी नेली. त्याने सदऱ्याच्या आतून किल्ली काढली. ती तो गळ्यात घालत असे, आंघोळीलासुद्धा काढत नसे. त्याने कपाट उघडलं आणि काळीज माझ्या हातावर ठेवलं.

आमच्या गावच्या टांकसाळीत तीनशे वर्षांपूर्वी पाडलेलं. बोटाच्या दोन पेरांएवढं, पत्त्यातल्या बदामाच्या आकाराचं, काळंभोर. एका बाजूला क्रॉस, त्याच्या कोपऱ्यांत सिंह आणि किल्ले. दुसऱ्या बाजूला दोन खांब आणि समुद्राच्या लाटा. वर भोक, कारण कधीतरी ते देवमातेच्या मूर्तीच्या गळ्यात होतं. एका सिंहाचं डोकं छिन्नीच्या घावाने उडालेलं.

"तुझी तीन मला, हे तुला," तो म्हणाला. "अदलाबदल. उपकार नाहीत."

"एवारिस्तो, अकरा वर्षं मी तुझ्या पाया पडतोय. आज काय झालं?"

त्याने बाटली काढली. सिंगानीचे, आमच्याकडच्या द्राक्षाच्या दारूचे, दोन पेले भरले. मग म्हणाला, "यंत्राची नाणी म्हणजे जुळी भावंडं. पण हातोड्याने पाडलेलं नाणं एकुलतं एक. माणूस पत्रा हाताने कापतो, हाताने ठोकतो. प्रत्येक घाव वेगळा. अशी दोन नाणी केसागणिक सारखी दिसली, तर समज, त्यातलं एक आईच्या पोटचं नाही."

"हे मला सांगतोस? मला माहीत नाही होय?"

"माहीत असू दे. एकच अट आहे. सोमवारपर्यंत कुणाला सांगायचं नाही. कुणालाही म्हणजे कुणालाही. मला एकाच्या तोंडावर एक प्रश्न विचारायचाय. आधी कुजबुज झाली तर तो उत्तर तयार ठेवील."

मी वचन दिलं. खरं सांगायचं तर त्या क्षणी त्याने माझा डावा डोळा मागितला असता तरी मी हो म्हटलं असतं. साडेतीनला मी निघालो. दुकानाचं दार लावून भिंगाखाली काळीज पाहत बसलो ते उजेड जाईपर्यंत. एकच गोष्ट खटकली. क्रॉसच्या कोपऱ्यात खसखशीएवढा काहीतरी फिकट गुलाबी कण अडकला होता. देवमातेच्या फितीचा रंग असेल म्हणून मी सोडून दिला. जुनं नाणं कोणी खरवडत नाही.

त्या संध्याकाळी सुरुंगांचे किती आवाज झाले, कोण मोजणार? त्यातला एक माझ्या समोरच्या घरात झाला होता आणि मी भिंगातून मानही वर केली नव्हती.

३

रविवारी अकराला लेफ्टनंट फ्लोरा चोकेविल्का आली. पन्नाशीची, ठेंगणी बाई. गालात कोकाच्या पानांचा तोबरा, म्हणून बोलणं सावकाश. तिने अंगणात पाऊल टाकलं आणि एवढंच म्हणाली, "सार्जंट, हात खाली."

"बाई, कबूल करायच्या बेतात आहे तो."

"मेल्यावर काय कबूल करणार? उठवा त्याला. आत आणा."

दोघांनी काखेत धरून रुफोला खोलीत आणलं. मामाचं प्रेत चादरीखाली होतं. रुफोने चादरीकडे पाहिलं आणि त्याच्या मोडक्या छातीतून एक विचित्र आवाज आला. ती थांबली. तो शांत झाल्यावर तिने कपाटाकडे बोट दाखवलं.

"तुला हे उडवायचं असतं तर कसं उडवलं असतंस?"

"बाई, त्याला पट्टी पढवू नका," बेहार मधेच म्हणाला.

रुफो रक्त थुंकला. कपाटाकडे बघून हसला, खरंच हसला. "असं? हे कुणा गाढवाने केलंय. पाव कांडी घ्यायची, कुलपाच्या भोकाशी ओल्या मातीने लिंपायची. दार उघडतं, आतलं शाबूत राहतं. याने अख्खी कांडी कपाटाच्या आत ठेवली, फळीखाली. बघा ना, फळी वर गेलीय. आपलंच घबाड कोण असं उडवतं?"

"आत ठेवली," ती हळूच म्हणाली. "दार बंद असताना आत कशी ठेवली?"

ती गुडघ्यांवर बसली. दाराच्या कडेतून कुलपाची जीभ बाहेर आलेली नव्हती. ती पूर्ण आत होती. तिने मेलेल्याच्या गळ्यातली किल्ली मागवली, फिरवली. जीभ अलगद बाहेर आली, अलगद आत गेली.

"कुलूप चांगलं चालतंय. म्हणजे कपाट किल्लीने उघडलं, शोधलं, किल्ली परत गळ्यात घातली आणि मग उडवलं. उघड्या कपाटाला सुरुंग कोण लावतं, सार्जंट?"

बेहारने बोटाने कुलपाची जीभ चाचपली.

"ज्याला खाणवाल्याचं नाव पुढे करायचंय तो. याला दवाखान्यात न्या. चालवत नाही, उचलून."

मग तिने दोन्या सांतुसाला बसवलं. सांतुसा बावीस वर्षं त्या घरात होती.

"अलीकडे साहेबांचं काही बिनसलं होतं का?"

"ईस्टरला बिनसलं होतं, बाई. ईस्टरला दोन रात्री ते काळीज घरात नव्हतं. पिल्लं हरवलेल्या मांजरीसारखे येरझारा घालत होते. मी म्हटलं, कुठं गेलं? तर म्हणाले, फोटो काढायला दिलंय. पांढऱ्या पाकिटातून परत आलं तेव्हा कुठं जेवले."

"कुणाला दिलं होतं?"

"मला कोण सांगतं? मी सूप करणारी. परवा शुक्रवारी मात्र परदेशातून पुस्तक आलं टपालाने, नाण्यांच्या चित्रांचं. ते बघून तोंड असं झालं त्यांचं, जसं कुणी थोबाडीत मारली. मग तासभर फोनवर."

ते पुस्तक खोलीत कुठेच नव्हतं.

एवढ्यात डॉक्टर लिसांद्रो बाल्दिविएसो आला. गावातला दातांचा डॉक्टर, आमच्यातला तिसरा. वीस वर्षं दर गुरुवारी आम्ही तिघे याच खोलीत बसून नाणी बघत असू. त्याने चादर उचलली, मित्राचं तोंड पाहिलं आणि भिंतीला टेकून लहान पोरासारखा रडला.

"शेवटचं कधी भेटलात?" लेफ्टनंटने विचारलं.

"गुरुवारी. शनिवारी मी दिवसभर जत्रेत होतो. आमच्या मंडळासोबत नाचत होतो, तोंडावर मुखवटा, पायाला फोड आलेत. तीनशे माणसांना विचारा."

"काळीज कुणी नेलं असेल?"

"बाई, वीस वर्षांत ते काळीज मी या खोलीबाहेर कधी पाहिलं नाही. एवारिस्तो त्याला उन्हालाही दाखवत नसे. ज्याने नेलं त्याला ते कुठं असतं ते माहीत होतं, एवढंच मी सांगू शकतो."

त्याला जाऊ दिलं. लेफ्टनंट मेजावरच्या दोन काचेच्या पेल्यांकडे बघत होती. एकाच्या तळाशी सिंगानीचा थेंब वाळला होता.

"दोन्या सांतुसा, भाचा आला की साहेब त्याला यात देत?"

"छे! रुफोला पत्र्याच्या मगात. काचेचे पेले नाणीवाल्यांसाठी."

"मग दुसरा पेला कुणाचा?"

सांतुसाने मान वळवली. ती नुसती माझ्याकडे पाहत राहिली.

४

"माझा," मी म्हटलं.

चोकेविल्काने मला स्वयंपाकघरात नेलं, दार लावलं. मी सगळं सांगितलं. बंडीत हात घातला आणि काळीज चुलीच्या कठड्यावर ठेवलं.

तिने ते बोटाने उलटं केलं.

"सकाळी त्याच्या बरगड्या मोडत होते तेव्हा तुम्ही अंगणात होतात."

"हो."

"ते विचारत होते, काळीज कुठंय. आणि ते तुमच्या खिशात होतं."

"मी वचन दिलं होतं."

"वचन," ती म्हणाली. "बरं."

तिने याहून कडक काही म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

मग ती म्हणाली, "आता मला सांगा, मी तुम्हालाच का पकडू नये? किल्ली कुठे असते ते तुम्हाला ठाऊक. पेला तुमचा. नाणं तुमच्याकडे. साक्षीदार एकच, आणि तो चादरीखाली."

 तिने खिडकीजवळ जाऊन काळीज उजेडात धरलं.

"एकच गोष्ट तुमच्या बाजूची आहे. शोध खरा होता. नुसतं दाखवायला कुणी शोधलं असतं तर गादी फाडून थांबला असता. याने खणांचे तळ उचकटले, आत बघितलं आणि खण परत जागेवर सरकवले. ज्याच्या खिशात नाणं आहे तो एवढे कष्ट घेत नाही. हे गुलाबी काय आहे?"

"फितीचा रंग असेल."

"तीनशे वर्षांचा? तुमचं भिंग द्या."

तिने टाचणीने तो कण उचलला, नखावर घेतला, चुरडला. सिगारेटच्या कागदात पुडी बांधली. चेहऱ्यावर काही नाही. नाणं तिने माझ्या हातात परत दिलं.

"मला नको! माझ्याकडे नको," मी म्हटलं.

"ठाण्यात जमा केलं तर ते सार्जंट बेहारच्या कपाटात जाईल. तुमच्याकडेच राहू द्या. गाव सोडायचं नाही. आणि कुणाला सांगायचं नाही. या वेळी वचन मला."

५

मंगळवारी आम्ही एवारिस्तोला पुरलं. वारा असा होता की पाद्रीबाबांचे शब्द डोंगराकडे उडून जात होते. लिसांद्रोने शेवटपर्यंत माझा दंड धरला होता. तिघांचे आता आम्ही दोघेच. खड्ड्यात माती पडायला लागली तसा तो हुंदका देत म्हणाला, "त्याचा जीव त्या काळजात होता, मेलितोन. आणि ते कुठल्या चोराच्या हातात असेल कोण जाणे."

मला राहवलं नाही. दोन दिवस मी कुणाशी धड बोललो नव्हतो. रुफोचा तो आवाज कानातून जात नव्हता. मला वाटलं, निदान एकाचं तरी दुःख हलकं करावं.

"चोराच्या हातात नाही," मी त्याच्या कानात म्हटलं. "माझ्याकडे आहे. शनिवारी त्याने मला दिलं."

त्याचं रडणं थांबलं.

"तुझ्याकडे," तो म्हणाला. "पोलिसांना माहीत आहे?"

"लेफ्टनंटला. तिने नुसतं पाहिलं, एक गुलाबी कण काढून नेला आणि परत दिलं."

"असं," तो म्हणाला. थोड्या वेळाने माझा दंड दाबला. "दुपारी येतो. एकदा बघू दे मला."

दोनला आला. त्या वेळी सगळी गल्ली दारं लावून झोपलेली असते. तो आत आला, अडसर घातला, टोपी काढून नीट खुंटीला लावली.

"दाखव."

"बस तरी. चहा टाकतो." मी चहासाठी वळलो.

त्याने माझी मान मागून धरली आणि कपाळ मेजावर आपटलं. डोळ्यांपुढे पांढरं झालं. भानावर आलो तेव्हा माझा उजवा हात माझ्याच शेगड्यात होता. शेगडा म्हणजे दांडा फिरवून आवळायची लोखंडी पकड, ती मेजाला पक्की जोडलेली असते, चाकं घट्ट धरायला. त्याने दांडा अर्धा फेरा फिरवला.

"कुठंय?"

"लिसांद्रो... तू?"

"कुठंय, मेलितोन? मला तुला दुखवायचं नाही." आणि दांडा फिरवला. करंगळी गेली. तो आवाज मला आता ओळखीचा होता. मी ओरडलो, त्याने माझ्या तोंडात पुसायचं फडकं कोंबलं.

"एवारिस्तोनेसुद्धा असंच केलं. नुसता विचारत बसला. 'का केलंस, लिसांद्रो, का केलंस?' मी म्हटलं, ते नाणं दे, प्रश्न मिटेल. तर म्हणतो, ते इथे नाही. माझ्याकडे पाठ करून बसला आणि पोलिसांना फोन लावायला लागला. पाठ करून! जसा मी कुणीच नाही."

दांडा अजून अर्धा फेरा. दुसरं बोट. मी मानेने खूण केली, सांगतो म्हणून. त्याने फडकं काढायला वाकून हात पुढे केला.

माझ्या डाव्या हाताला भिंतीवरच्या मोठ्या घड्याळाची दोरी होती. तिला शिशाचं वजन असतं, दोन-अडीच किलोचं. मी ते ओढून काढलं आणि त्याच्या तोंडावर मारलं. मी कुणाला आयुष्यात कधी मारलं नव्हतं. जबडा तुटला, दात फरशीवर सांडले. तो गुडघ्यांवर आला, आणि त्याने माझ्या पायाला हात घातला तेव्हा मी पुन्हा मारलं. मग पुन्हा. त्याचा हात सुटला होता तरी मारलं.

दार कुणीतरी बाहेरून फोडत होतं. चोकेविल्का आत आली तेव्हा माझा उजवा हात शेगड्यातच होता आणि डाव्यात वजन उचललेलं होतं.

"पुरे, डॉन मेलितोन," ती म्हणाली. "पुरे. मला तो बोलता हवाय."

मी वजन खाली टाकलं. तिने दांडा उलटा फिरवायला सुरुवात केली, आणि मी बेशुद्ध पडलो.

६

दवाखान्यात तिने मला सगळं उलगडून सांगितलं. खाटेच्या कडेवर बसली होती, तोबरा एका गालातून दुसऱ्या गालात घेत.

"तो कण मी बोटावर चुरडला आणि मला तो वास आठवला. गेल्या वर्षी माझ्या आईची कवळी केली. साचा घ्यायला ती गुलाबी पावडर पाण्यात कालवतात, तोंडात दाबतात, दोन मिनिटांत रबरासारखी होते. हिरड्यांची प्रत्येक रेघ उमटते. मग नाण्याची का नाही उमटणार?"

"ईस्टरला," मी म्हटलं.

"ईस्टरला त्याने फोटोच्या नावाने काळीज नेलं. गावात फोटोचे दोनच स्टुडिओ, दोघांनाही विचारलं. कुणी असं नाणं पाहिलेलं नाही. डॉक्टर मला म्हणाला, वीस वर्षांत ते खोलीबाहेर पाहिलं नाही. मग त्याच्या पावडरीचा कण त्यात कसा? त्याच्याकडे साचा होता आणि चांदीचे दात ओतायची भट्टीही. त्याने दुसरं काळीज ओतलं, काळं केलं आणि बुएनोस आयरेसच्या लिलावात खरं म्हणून विकलं. शुक्रवारी टपालाने आलेलं पुस्तक म्हणजे त्याच लिलावाची यादी, म्हणून मी टेलिफोन खात्यातून शुक्रवारचा नंबर काढला. पलीकडचे म्हणाले, एक म्हातारा ओरडत होता, 'जूनमध्ये तुम्ही विकलेलं काळीज माझ्या हातात आहे!'"

"सिंहाचं डोकं तसंच उडालेलं असणार."

"तसंच. भोकाचा ओबडधोबड काठही तसाच. आता बघा, खरं काळीज जगात असेपर्यंत डॉक्टर कधीही अडकला असता. ते नाहीसं झालं की जगात एकच उरलं, त्याने विकलेलं. त्याला ते विकत घ्यायचं नव्हतं, मिरवायचं नव्हतं. वितळवायचं होतं, आणि म्हणूनच तुमच्या मित्राने ते आधी घराबाहेर काढलं."

 पुढचं तिने थोडक्यात सांगितलं. जत्रेत सगळ्यांच्या तोंडावर मुखवटे. तो पाचला नाचातून सटकला, आपला मुखवटा दुसऱ्याला चढवला. तीनशे माणसांनी पाहिलं ते मुखवट्याला. सुरुंगाची कांडी आमच्या खाणवाल्यांच्या बाजारात कुणीही मेणबत्तीसारखी घेतो. एवारिस्तोने त्याला त्याच संध्याकाळी बोलावलं होतं, तोंडावर विचारायला; पण लिलाववाल्यांनी त्याला आधीच विचारलं होतं, म्हणून तो तयारीने आला. त्याने आधी पुस्तक उचललं, नाणं मिळालं नाही म्हणून घर उचकटलं, आणि रुफोची धमकी गल्लीभर ऐकू गेलेली होतीच.

"आज दुपारी त्याच्या दवाखान्यात गेले तर नर्स म्हणाली, दुपारचे रोगी परत पाठवून डॉक्टर गेले. मी सरळ तुमच्याकडे धावले. तुम्ही त्याला सांगितलंत ना?"

"हो."

"मला वाटलंच होतं," ती म्हणाली. ती रागावली नव्हती, पण नजर दुसरीकडे होती. मी बोलणारच हे ती धरून चालली होती, हे मला तेव्हा कळलं.

लिसांद्रोने वाकड्या जबड्याने, कागदावर लिहून, सगळं कबूल केलं.

७

माझा उजवा हात पुन्हा घड्याळाच्या कामाचा राहिला नाही. सहा आठवड्यांनी पट्टी निघाली, त्याच दिवशी मी रुफोच्या घरी गेलो. डोंगराच्या पायथ्याशी एक खोली, पत्र्याचं छप्पर. तो दारातल्या उन्हात बसला होता. श्वास घेताना अजून एका बाजूला कलत होता.

मी काळीज त्याच्या गुडघ्यावर ठेवलं.

"तुझ्या आजीचं आहे. घे."

त्याने ते उचललं, तळहातावर जोखलं. "मामाने कधी हातात धरू दिलं नाही," तो म्हणाला. बोट क्रॉसवरून, खांबांवरून, लाटांवरून फिरवलं. मग मान वर केली.

"डॉन मेलितोन, तुम्ही कुठं उभे होता?"

मला कळलं तो काय विचारतोय ते. "जिन्यापाशी."

"मी तुम्हाला बघितलं. तुमची बंडी हिरवी होती. मी मनात म्हटलं, घड्याळवाले सज्जन आहेत, ते काहीतरी बोलतील." तो थांबला, श्वास गोळा केला. "तिसरी बरगडी मोडली तेव्हा तुम्ही बंडीवर हात ठेवलात. इथं. तेव्हा मला वाटलं, म्हाताऱ्याचं काळीज धडधडतंय."



त्याने नाणं माझ्या डाव्या हातात परत ठेवलं आणि माझी बोटं त्यावर मिटवली.

"हे घेतलं तर तुमची सुटका होईल. मी नाही घेत. माझ्या बायकोने बेहारवर खटला टाकलाय. शेजारी घाबरतात, कुणी साक्ष देत नाही. पुढच्या बुधवारी या."

बुधवारी गेलो. कोर्टात बेहार पहिल्या बाकावर बसला होता, कडक इस्त्रीच्या गणवेशात, माझ्याकडे बघत. बंदुकीचा दस्ता किती वेळा पडला ते मी सांगितलं. कोणत्या शिपायाच्या हातात कोणती बंदूक होती तेही सांगितलं. मग बेहारचा वकील उठला. तरणाबांड, हसतमुख माणूस.

"डॉन मेलितोन, पोलीस जे नाणं शोधत होते ते त्या वेळी कुठे होतं?"

"माझ्या खिशात."

"आणि तुम्हाला ते माहीत होतं?"

"हो."

"सार्जंट प्रत्येक वेळी काय विचारत होते, ते तुम्हाला ऐकू येत होतं?"

"स्पष्ट."

"तुम्ही एक शब्द बोलला असतात तर मार थांबला असता?"

कोर्टात कुणीतरी खोकलं. रुफो मागच्या भिंतीला टेकून उभा होता, त्याला अजून फार वेळ बसवत नव्हतं.

"पहिल्याच घावाला थांबला असता," मी म्हटलं. "लिहून घ्या. आणि हेही लिहा की मारणारा तो समोर बसलाय."